पेट्रोल पंपाची जुनी पाटी: खरी आहे का, आणि केव्हाची?

माझी पहिली पाटी मी गंजाला भुलून घेतली. पिवळ्या रंगावर लाल अक्षरात बर्मा-शेल, कडांना तांबूस गंज, दोन ठिकाणी इनॅमलचे टवके उडालेले. विकणारा म्हणाला, "साब, ब्रिटिश जमाने का माल है." घासाघीस केली, रिक्षात उभी धरून घरी आणली, भिंतीला टेकवली. आईने चष्मा लावून खालची बारीक ओळ वाचली आणि विचारलं, "अरे, तेव्हा इंग्रजीत बॉम्बे लिहायचे ना?" पाटीवर इंग्रजी अक्षरात 'मुंबई' होतं. बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतली १९७६ साली, आणि इंग्रजीतलं बॉम्बे अधिकृतपणे मुंबई झालं १९९५ साली. मधली एकोणीस वर्षं पाटी बनवणाऱ्याने गिळून टाकली होती.

तेव्हापासून मी पाटी आधी वाचतो, मग बघतो. गंज आठवडाभरात आणता येतो. नाव, पत्ता, माप आणि शुद्धलेखन मात्र सगळं एका काळातलं जुळवणं नकलाकाराला जड जातं. पाटी कशाची आहे ते ठरवण्याची पहिली पायरी सोडली, तर खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा हायवेवरच्या भंगारवाल्याकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.

सोबत काय न्यायचं

- छोटं चुंबक (फ्रिजवरचंही चालेल)
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- टॉर्च. मोबाईलचा चालतो, पण वेगळा असेल तर तिरपा धरता येतो
- इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेली टेप
- मऊ सुती फडकं आणि थोडं पाणी
- वही. फोटोत मागची बाजू आणि कडा हमखास राहून जातात, म्हणून तिथे काय दिसलं ते लगेच लिहून ठेवायचं

१. पाटी कशाची आहे ते आधी ठरवा

बाजारात सगळ्यालाच 'इनॅमल बोर्ड' म्हणतात. त्यात प्रत्यक्षात चार वेगळ्या गोष्टी असतात: खरं इनॅमल, छापलेला पत्रा, हाताने रंगवलेला पत्रा, आणि नंतरच्या काळातलं अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक.

इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. काचेची पूड पत्र्यावर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सियसला भट्टीत भाजतात. आधी पत्र्याला गडद अस्तर, मग त्यावर एकेक रंग, आणि प्रत्येक रंगाची वेगळी भाजणी. त्यामुळे जिथे लाल अक्षर पिवळ्यावर बसतं तिथे बारीक पायरी तयार होते. डोळे मिटून अंगठ्याचं नख अक्षराच्या कडेवरून आडवं फिरवा. स्टेन्सिलने केलेल्या जुन्या पाटीवर नख अडखळतं. छापलेल्या पत्र्यावर ते सरळ घसरत जातं, आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात.

चुंबक चिकटलं नाही तर पत्रा लोखंडी नाही. मग 'ब्रिटिश जमाने का इनॅमल' ही गोष्ट तिथेच संपली.

२. कंपनीचं नाव वाचा, आणि पूर्ण वाचा

आपलं नशीब असं की भारतातल्या तेल कंपन्यांची नावं फार वेळा बदलली. प्रत्येक बदल म्हणजे तुमच्यासाठी एक कुंपण. ही यादी मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे:

- बर्मा-शेल: १९२८ ते २४ जानेवारी १९७६. मग भारत रिफायनरीज, आणि १ ऑगस्ट १९७७पासून भारत पेट्रोलियम.
- स्टँडर्ड-व्हॅक्युम, म्हणजे स्टॅनव्हॅक: १९३३ ते १९६२. त्यानंतर भारतातला कारभार एस्सोकडे.
- एस्सो: भारतात कंपनी म्हणून १९६२ ते १९७४. १५ जुलै १९७४पासून हिंदुस्तान पेट्रोलियम.
- कॅल्टेक्स: मूळ कंपनी १९३६ची. भारतातला व्यवसाय सरकारने घेतला आणि १९७८ साली तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला.
- इंडियन ऑइल: १९५९ साली इंडियन ऑइल कंपनी, १ सप्टेंबर १९६४पासून इंडियन ऑइल कॉर्पोरेशन. 'कंपनी' की 'कॉर्पोरेशन' हा एक शब्द पाच वर्षांचा फरक सांगतो. याच कंपनीच्या सर्वो वंगणाची पाटी असेल तर ती १९७२च्या आधीची नाही.
- आयबीपी: इंडो-बर्मा पेट्रोलियम, १९०९ साली रंगूनमध्ये स्थापन झालेली, २००७ साली इंडियन ऑइलमध्ये विलीन. एवढा लांब पल्ला असल्याने नुसत्या नावावरून काही ठरत नाही.

मोठं नाव वाचून थांबू नका. खालच्या कडेला बारीक अक्षरात कंपनीचं कायदेशीर नाव असतं आणि पुष्कळदा 'इंग्लंडमध्ये नोंदणीकृत' किंवा 'अमेरिकेत नोंदणीकृत, सभासदांची जबाबदारी मर्यादित' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक, एस्सो यांच्यासारख्या परदेशी कंपन्यांना ती लागायची. ती ओळ आहे म्हणून पाटी खरी असं नव्हे, पण बरेच नकलाकार ती गाळतात, कारण भिंतीवर लावायला घेणाऱ्या गिऱ्हाईकाला ती नको असते.

ही ओळ दिसत नसेल तर फडकं ओलं करून खालची कड हलकेच पुसा आणि टॉर्च पाटीला जवळजवळ समांतर धरा. झिजलेल्या अक्षरांच्या जागी चमक थोडी वेगळी पडते. समोरून कोरी वाटणारी कड अशा प्रकाशात बोलू लागते.

इथला सापळा: सुरुवातीची तारीख पक्की, शेवटची ढिली. १९२८च्या आधी बर्मा-शेलची पाटी असणं शक्य नाही. पण कंपनी गेली त्या रात्री देशभरच्या पाट्या उतरल्या नाहीत. आडगावच्या घासलेटच्या दुकानावर जुनं नाव कितीतरी वर्षं लटकत राहिलं. पाटी कधी बनली आणि कधीपर्यंत टांगलेली होती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिल्याचं उत्तर शोधतो, विकणारा बहुधा त्याच्या सोयीचं सांगतो.

३. मराठी मजकूर असेल तर शुद्धलेखन तपासा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. इंग्रजी पाट्या जमवणाऱ्याला हे हत्यार मिळत नाही.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी लिहायचे: 'येथें मोटारीचें तेल मिळेल', 'नांव', 'गांव', 'पांच'. नंतर: 'येथे मोटारीचे तेल मिळेल', 'नाव', 'गाव', 'पाच'. आपण बोलीभाषेत 'केलं', 'गेलं' लिहिताना अनुस्वार देतो तो वेगळा. इथे बघायचा तो मात्रेवरचा: 'येथें', 'तेलें', 'पुणें'.

पाटीवर हे अनुस्वार योग्य ठिकाणी असतील तर ती १९६२च्या आधीची असण्याचा कल जड होतो. 'कल' म्हणतोय, कारण शाळेत जुनं शुद्धलेखन शिकलेला मास्तर आणि पेंटर १९६३ साली अचानक बदलला नाही. माझे आजोबा शेवटपर्यंत 'नांव' लिहायचे. उलट बाजूने मात्र पुरावा बराच बळकट आहे: १९३५ची म्हणून दाखवलेल्या पाटीवर 'येथे मिळते' असं अनुस्वाराशिवाय असेल तर भुवया उंचावा. कारखान्यातून आलेल्या पाटीचा मजकूर कोणीतरी तपासलेला असायचा.

नकलाकाराला हे नियम माहीत नसतात. कधी तो 'जुनं दिसावं' म्हणून अनुस्वारांचा सडा घालतो. 'तेंल' असं लिहिलेली पाटी मी पाहिली आहे. तसं मराठीत कधीच कोणी लिहीत नव्हतं.

अक्षरांची वळणंही बघा. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळा. मजकूर मराठी पण 'ल' हिंदी वळणाचा असेल तर पाटी महाराष्ट्राबाहेर बनली असावी. ही खूण काळाची नव्हे, गावाची.

आणि माझ्या आईने पकडलेली चूक उलटी वापरू नका! मराठीत मुंबई पहिल्यापासून मुंबईच होती. देवनागरी 'मुंबई' दिसली म्हणून पाटी १९९५नंतरची ठरवणारा एक हुशार माणूस मला भेटला आहे. ही कसोटी फक्त इंग्रजी मजकुराला. तसंच इंग्रजीत पूना १९७८पर्यंत, मद्रास १९९६पर्यंत, कलकत्ता २००१पर्यंत.

गोव्याकडून आलेल्या पाटीवर पोर्तुगीज मजकूर असेल तर १९ डिसेंबर १९६१ ही तारीख आठवा. पण ती पाटी थेट पोर्तुगालहून किंवा मोझांबिकहून आलेली असू शकते, तेव्हा मिळाली कुठे हे विचारल्याशिवाय तिला गोव्याची म्हणू नका.

४. पैसे, माप, पत्ता

- आणे की पैसे: १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे १९५७ ते १९६४. १९६४च्या जूनपासून 'नवे' गळून नुसते पैसे राहिले. इंडियन ऑइलच्या पाटीवर आणे दिसले तर नमस्कार करून पुढे जा, कारण कंपनीच १९५९ची.
- गॅलन की लिटर: मेट्रिक मापं १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२पर्यंत बऱ्यापैकी रुळली. आपल्याकडचा गॅलन ब्रिटिश, म्हणजे ४.५४६ लिटरचा.
- पिन कोड: १५ ऑगस्ट १९७२च्या आधी नाही. 'बॉम्बे १' असा छोटा आकडा त्याआधीचा, पण सवयीने नंतरही लिहिला गेला.
- पाटीची मापं: टेप लावा. २४ इंच म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. पाटी बरोबर ६०० मिलिमीटर भरली तर ती मेट्रिक काळात कापलेली असण्याची शक्यता जास्त. 'ब्रिटिश जमाने का' पत्रा ६०० बाय ९०० निघाला की विकणाऱ्याचा चेहरा बघायचा. तो बिचारा टेपकडे बघत असतो.

५. मागची बाजू, भोकं आणि टवके

खरी पाटी मागून कंटाळवाणी असते. गडद निळं, काळं किंवा करडं अस्तर, त्यावर भट्टीतल्या टेकूच्या खुणा, भिंतीला टेकलेल्या भागात चुन्याचा किंवा जुन्या रंगाचा पुसट चौकोन. मागे नुसता पत्रा आणि त्यावर सगळीकडे सारखा, हळदीसारखा पिवळट गंज दिसला तर तो रसायनाने किंवा मिठाच्या पाण्याने आणलेला असण्याचा संभव आहे. बोट फिरवा. ताजा गंज पुडीसारखा बोटाला लागतो. जुना काळपट असतो आणि चिकटून बसलेला असतो.

भोकांपाशी सर्वात जास्त वेळ द्या. पाटी ठोकताना खिळा किंवा स्क्रू आवळला की काचेला तडा जातो, म्हणून खऱ्या पाटीची भोकं टवके उडालेली असतात. पण चारही सारखी नव्हे. ज्या कोपऱ्यावर वजन आलं किंवा वाऱ्याने पाटी हलली तिथे जास्त, एखाद्या ठिकाणी अगदी थोडं. नकलेत चारही भोकांभोवती हातोडीने काढल्यासारखे एकाच मापाचे गोल असतात.

टवक्याच्या आत भिंग लावा. वरचा रंग, त्याखाली पांढरा किंवा दुसरा रंग, त्याखाली गडद अस्तर, मग लोखंड, असे थर शिंपल्यासारख्या वळणाने उघडे पडलेले दिसायला हवेत. रंगाखाली थेट चकचकीत पत्रा दिसला तर ते इनॅमल नाही, भट्टीत वाळवलेला ऑइलपेंट आहे.

पाटीच्या दोन्ही बाजूंना मजकूर आणि एक कड काटकोनात वाकवलेली असेल, तर ती भिंतीतून रस्त्यावर डोकावणारी पाटी होती. तिची एक बाजू नेहमी जास्त फिकी असते, कारण उन्हाची बाजू एकच. दोन्ही बाजू सारख्याच विटलेल्या असतील तर प्रश्न विचारा.

आणखी एक जात असते: कधी अस्तित्वातच नसलेली पाटी. कंपनीचं चिन्ह खरं, चित्र भलतंच. विमान, सुंदरी, वाघ, सगळं एकत्र. हिच्यापुढे खरी-खोटी हा प्रश्नच नाही, कारण हिचा मूळ नमुनाच नव्हता. सजावटीला घ्यायची तर खुशाल घ्या, पैसे सजावटीचे द्या.

६. अमेरिकेतली पाटी असेल तर

तिकडे राहणारे वाचक फोटो पाठवून विचारतात म्हणून थोडक्यात. टेक्साकोच्या इनॅमल पाट्यांवर खालच्या कडेला बारीक आकड्यात तारीख असते, महिना आणि सालासकट. मोबिलचा उडता लाल घोडा १९३०च्या दशकापासूनचा. त्याआधी व्हॅक्युम ऑइलच्या मोबिलऑइलवर गार्गॉइल, म्हणजे पंख असलेला विचित्र प्राणी. 'सोकोनी-व्हॅक्युम' हे नाव १९३१ ते १९५५ एवढंच. एस्सोचं अमेरिकेत एक्सॉन झालं १९७२ साली. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर पाटी १९६३नंतरची. शेलचा शिंपला आजच्यासारखा साधा, मोजक्या रेघांचा असेल तर तो १९७१चा, रेमंड लोवीने आखलेला. हा शिंपला भारतातल्या '१९४०च्या' पाटीवरही मी पाहिला आहे.

भोकांना पितळी कड्या तिकडच्या जुन्या पाट्यांवर सर्रास असतात. पण त्या विकतही मिळतात, आणि अमेरिकेत फिरणाऱ्या नकलांपैकी कितीतरी आपल्याकडूनच गेलेल्या आहेत.

७. एक पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत

सातारा रस्त्यावरच्या एका बंद गॅरेजमागे ही मिळाली. पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून ठेवलेली, पालथी. मालकिणीने वरची घागर उतरवून ती उलटी केली तेव्हा मधोमध मोठी काळी पट्टी दिसली. मला वाटलं रंग गेलाय. तो भावफलक होता: काळ्या भागावर खडूने भाव लिहायचा आणि रोज पुसायचा.

वर इंग्रजीत स्टँडर्ड-व्हॅक्युम. म्हणजे १९३३ ते १९६२. काळ्या पट्टीच्या डोक्यावर दोन रकाने: 'रु.' आणि 'न. पै.'. म्हणजे १९५७ ते १९६४. दोन्ही एकत्र धरल्यावर उरले १९५७ ते १९६२. डावीकडे 'दर लिटरचा भाव'. म्हणजे १९५८च्या आधीचं नको. खाली 'येथें', मात्रेवर अनुस्वारासकट, जे या काळाशी जुळतं. रुंदी ६१० मिलिमीटर, चोवीस इंची पत्रा. मागे काळपट अस्तर, घागरीच्या बुडाचं वर्तुळ, एका भोकाभोवती मोठा टवका आणि तिघांभोवती नखाएवढे.

वहीत लिहिलं: १९५८ ते १९६२. 'सुमारे १९६०' असंही लिहिता आलं असतं, पण 'सुमारे' म्हटलं की पुढच्या माणसाला कारणं कळत नाहीत. दोन टोकं लिहायची आणि प्रत्येक टोकासमोर ते कशावरून ठरवलं ते लिहायचं. मालकिणीला हौदाला नवं झाकण करून दिलं. व्यवहारातला तो भाग तिने सगळ्यात जास्त ताणून धरला होता.

८. पैसे देताना आणि नंतर

हे कागद मागा किंवा स्वतः तयार करा:

- पावती, आणि तिच्यावर पाटीचं वर्णन. 'जुनी पाटी' नव्हे. कंपनी, माप, आणि विकणारा 'मूळ' म्हणतो की 'नक्कल' हे शब्दात. बरेच जण इथे आवाज उतरवतात, त्यातच उत्तर मिळतं.
- पाटी जिथे होती तिथला फोटो, काढण्याआधीचा.
- आधीच्या मालकाकडून दोन ओळी: कुठून आली, कधीपासून होती.

पंपावर किंवा दुकानावर अजून टांगलेली पाटी दिसली तर मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका. नोकर 'घेऊन जा' म्हणतो, मालक नंतर शोधत येतो.

परदेशात न्यायची असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची पाटी त्याहून नवी असली तरी कस्टम्सवाल्याला ते कुठून कळणार? म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधीच घ्या. तिथे तुमची वही आणि फोटो कामाला येतात.

९. धुणं

साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं पुसणं. एवढंच. तारेची घासणी, अ‍ॅसिड, भांड्यांची पावडर नको. एस्सोच्या एका पाटीचा गंज मी तारेच्या घासणीने काढायला गेलो. गंज निघाला, आणि निळ्या रंगावर बारीक ओरखड्यांचं धुकं कायमचं बसलं. उघड्या पडलेल्या लोखंडावर मशीनच्या तेलाचा हलका हात पावसाळ्याआधी एकदा फिरवा. टांगताना स्क्रू आणि पाटी यांच्यामध्ये रबराची चकती घाला आणि शेवटचा अर्धा आटा आवळू नका.